कॉफी पिता पिता शोधलेल्या रस्त्यावरून आज इंटरनेट धावतंय, पण तो रस्ताच तुटला तर?

व्हिडिओ कॉल चालू आहे. समोरचा माणूस अर्धा सेकंद गोठतो, आवाज किंचित फाटतो आणि पुन्हा सगळं सुरळीत होतं. आपण म्हणतो, नेट गेलं होतं वाटतं. बऱ्याचदा दोष आपल्या वायफायचाच असतो. पण कधीकधी त्या अर्ध्या सेकंदात कुठेतरी रस्त्याच्या कडेला जेसीबीने फायबर केबल तोडलेली असते. मधल्या यंत्रांना ते कळलेलं असतं आणि त्यांनी तुमचा कॉल दुसऱ्याच वाटेने वळवलेला असतो. कुणी फोन केला नाही, कुणी बटण दाबलं नाही.

ही दुसरी वाट कशी ठरते? ती आधीच ठरवून ठेवायची, की रस्ता तुटल्यावर शोधायची? नेटवर्क चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीला हा निर्णय घ्यावा लागतो. आणि या निर्णयाच्या दोन्ही टोकांना एकाच माणसाचं काम सापडतं. त्याचा एक लेख १९५९ साली छापून आला, तीन पानांचा. दुसरा १९७४ साली आला, दोन पानांचा. पहिला लेख आज कॉम्प्युटर सायन्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परीक्षेत येतो. दुसऱ्याकडे मात्र जवळपास दहा वर्षं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

या माणसाचं नाव एड्सगर वीबे डायक्स्ट्रा.

जन्म ११ मे १९३०, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. आईने गणिताची नोकरी कधी केली नाही, पण उत्तर लांबलचक होत असेल तर आपण चुकीच्या वाटेवर आहोत, हे पोराच्या डोक्यात तिनेच भरवलं. शाळेची बरीच वर्षं जर्मनांनी देश व्यापलेल्या काळात गेली. शाळा संपली तेव्हा डायक्स्ट्रा यांच्या डोक्यात कायदा शिकायचं होतं. संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं प्रतिनिधित्व करायचं असा काहीसा बेत होता. पण गणित आणि विज्ञानात मार्क इतके पडले की घरच्यांनी आणि शिक्षकांनी त्यांना लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे वळवलं.

१९५१ साली वडिलांनी एक जाहिरात पाहिली. इंग्लंडमध्ये केंब्रिजला तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स होता. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र, आणि असली यंत्रं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भौतिकशास्त्राची गणितं करायला उपयोग होईल म्हणून पोरगा कोर्सला गेला. ही गोष्ट ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रातल्या आड्रियान व्हान वाइनगार्डन यांच्या कानावर गेली आणि त्यांनी नोकरीच देऊ केली. मार्च १९५२ मध्ये डायक्स्ट्रा तिथे रुजू झाले. नेदरलँड्समधला पहिला प्रोग्रॅमर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आता गंमत बघा. पहिला प्रोग्रॅमर असणं म्हणजे काय? तर त्या कामाला समाजात नावच नसणं. १९५७ साली त्यांचं लग्न झालं. बायको रिया देबेत्स याच केंद्रात आकडेमोडीच्या विभागात काम करत होत्या. लग्नाच्या नोंदणीत नवऱ्याचा व्यवसाय लिहायचा होता. डायक्स्ट्रा यांनी प्रोग्रॅमर असं सांगितलं. असा काही व्यवसायच नसतो म्हणून ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने ते नाकारलं. शेवटी कागदावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं.

लग्नाच्या आदल्या वर्षी, १९५६ मध्ये, केंद्रात आर्मॅक नावाचं नवं यंत्र तयार होत होतं. त्याआधीचं आरा नावाचं यंत्र इतकं बेभरवशाचं निघालं होतं की ते बाजूला सारून नवं बांधावं लागलं. त्यामुळे आर्मॅकच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर काहीतरी चालवून दाखवणं गरजेचं होतं. पण दाखवायचं काय? पाहुण्यांना ना कॉम्प्युटर कळणार, ना अवघड गणित. प्रश्न आणि उत्तर दोन्ही साध्या माणसाला समजलं पाहिजे.

डायक्स्ट्रा यांनी प्रश्न निवडला तो रस्त्याचा. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचं तर सर्वात जवळचा मार्ग कोणता?

एक दिवस ते रियासोबत ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमले आणि दोघं एका कॅफेच्या ओट्यावर कॉफी प्यायला बसले. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. वीस एक मिनिटांत उत्तर डोक्यात तयार झालं. पुढे ते म्हणायचे की कागद नव्हता हेच बरं झालं, कारण कागद नसला की माणूस टाळता येणारी गुंतागुंत आपोआप टाळतो.

पद्धत अशी. सुरुवातीच्या गावाहून थेट पोचता येतील अशी गावं घ्या. त्यात सर्वात जवळचं जे असेल त्याचं अंतर पक्कं करून टाका, ते आता बदलणार नाही. मग त्या गावातून पुढे कुठे जाता येतं ते बघा, आणि कुणाचं अंतर कमी होत असेल तर दुरुस्त करा. उरलेल्यातलं पुन्हा सर्वात जवळचं घ्या, पक्कं करा. असं करत करत हवं ते गाव पक्कं झालं की थांबा. कुठल्याही रस्त्याची लांबी शून्याहून कमी नसते, म्हणून एकदा पक्कं केलेलं अंतर मागाहून कमी होण्याची शक्यताच नाही. सगळी करामत एवढ्या एका गोष्टीत आहे.

प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधली ६४ गावं घेतली होती. ६४ च का? कारण एक गाव सांगायला ६ बिट पुरतात. हा ६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याने वेगळंच संकट आणलंय.

कॉफीच्या कपावरची ही युक्ती लगेच छापलीही गेली नाही. गणिताच्या मासिकांना तेव्हा असल्या प्रश्नांचं फारसं कौतुक नव्हतं. तीन वर्षांनी एक नवं मासिक निघालं, त्याच्या पहिल्या खंडात तो लेख आला. त्यात आणखी एक युक्ती होती. अनेक टोकं जोडायची पण तार कमीत कमी लागली पाहिजे, ती कशी जोडायची याची. एक्स-१ नावाच्या पुढच्या यंत्राच्या मागच्या बाजूला तांब्याच्या तारांचं जंजाळ होतं, त्यासाठी ती कामाला आली.

याच एक्स-१ यंत्राने डायक्स्ट्रा यांना बिघाडाची भीती म्हणजे काय ते शिकवलं. यंत्र बांधणाऱ्या सहकाऱ्यांना त्यात इंटरप्ट हवे होते. म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना बाहेरच्या उपकरणाने मध्येच टोकायचं, आणि यंत्राने हातातलं काम बाजूला ठेवून तिकडे बघायचं. आज तुमच्या मोबाईलमध्ये हे सेकंदाला असंख्य वेळा होतं. पण डायक्स्ट्रा काही महिने याला विरोध करत राहिले. कारण टोकणं नेमकं कधी होईल ते सांगता येत नाही. म्हणजे चूक झाली तर ती पुन्हा तशीच घडवून बघता येणार नाही, आणि पुन्हा घडवता येत नाही ती चूक शोधायची कशी? शेवटी त्यांनी होकार दिला, ते काम चोख केलं आणि १९५९ मध्ये त्यावरच डॉक्टरेट मिळवली. पण ती भीती कायमची डोक्यात राहिली. चाचण्या घेऊन चूक आहे हे कळतं, चूक नाही हे कधीच कळत नाही, असं ते पुढे आयुष्यभर सांगत आले.

बाकीचं आयुष्य थोडक्यात सांगायचं तर १९६० मध्ये त्यांनी याप झोनेव्हेल्ड या सहकाऱ्यासोबत अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर तयार केला. काम पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. काम झाल्यावर झोनेव्हेल्ड यांनी दाढी काढली, डायक्स्ट्रा यांनी मरेपर्यंत ठेवली. १९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६८ मध्ये प्रोग्रॅममधल्या गोटू या आज्ञेवर त्यांनी तोफ डागली आणि जगभरच्या प्रोग्रॅमरमध्ये भांडणं लावली. १९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीने त्यांना संशोधक म्हणून घेतलं. ऑफिस कुठे? तर न्यूनेन गावातल्या त्यांच्या घरातली अभ्यासाची खोली. वर्क फ्रॉम होम, तेही १९७३ साली. हे न्यूनेन म्हणजे व्हॅन गॉग काही काळ राहिले होते तेच गाव.

आणि याच सुमारास तो दुसरा, दोन पानांचा लेख आला.

कल्पना करा, काही यंत्रं गोलाकार जोडली आहेत. प्रत्येकाला फक्त शेजारी दिसतो, सगळ्या वर्तुळाचं चित्र कुणाकडेच नाही. एका वेळी एकाच यंत्राला काम करायची पाळी मिळाली पाहिजे. सगळं नीट चालू असताना हे सोपं आहे, पाळी एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची. पण बिघाड झाला आणि एकदम तीन यंत्रांना वाटायला लागलं की पाळी माझीच आहे, तर? कुणी मुकादम नाही, वरून बघणारं कुणी नाही. मग ही यंत्रं स्वतःहून ताळ्यावर येतील का?

डायक्स्ट्रा यांनी दाखवलं की येतील, आणि त्याला लागणारे नियम दोन ओळींचे आहेत. प्रत्येक यंत्राजवळ एक आकडा असतो. एक यंत्र सोडून बाकी सगळ्यांचा नियम असा: डावीकडच्या शेजाऱ्याचा आकडा माझ्याहून वेगळा असेल तर पाळी माझी, आणि काम झाल्यावर मी त्याचा आकडा उचलून माझा करणार. त्या एका वेगळ्या यंत्राचा नियम उलटा: शेजाऱ्याचा आकडा माझ्यासारखाच असेल तर पाळी माझी, आणि काम झाल्यावर मी माझा आकडा एकने वाढवणार. आकडे ठराविक संख्येपर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतात, फक्त ती संख्या यंत्रांच्या संख्येपेक्षा कमी असता कामा नये. बस्स. आता सुरुवातीला कुठल्याही यंत्रात कुठलाही आकडा कोंबा. काही पावलांनी पाळी बरोबर एकाकडेच उरते आणि पुढे तशीच फिरत राहते. पाच यंत्रं कागदावर काढून करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

अशा यंत्रणेला स्वतःहून स्थिरावणारी यंत्रणा म्हणतात. यात बिघाड कोणता झाला हे ओळखायचीसुद्धा गरज नाही. स्थिती कितीही विस्कटलेली असो, ती आपोआप सुधारते. फक्त किती वेळात, याची हमी इथे नाही. आणि सुधारेपर्यंतच्या काळात चुकीचं काहीही घडू शकतं. ही अट महत्त्वाची आहे, कारण खरा वाद तिथेच आहे.

लेखात डायक्स्ट्रा यांनी सिद्धताही दिली नव्हती, ती वाचकांवर सोडली होती. सविस्तर सिद्धता त्यांनी बारा वर्षांनी, १९८६ मध्ये छापली. लेख पडून राहिला.

आता जरा अमेरिकेत जाऊ. कारण डायक्स्ट्रा यांचा पहिला लेख तिथे कामाला लागला होता, आणि दुसऱ्यात मांडलेला गुण नसला तर काय होतं, तेही तिथेच कळणार होतं.

१९६९ पासून तिथे अर्पानेट चालू होतं, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज. त्यात माहितीची पॅकेट पुढे पाठवणारी यंत्रं होती, आजच्या भाषेत राउटर. सुरुवातीला रस्ता शोधायची पद्धत ऐकीव माहितीवर चालायची. प्रत्येक राउटर शेजाऱ्यांना सांगायचा, अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या अंतरावर आहे. शेजारी त्यात आपलं अंतर मिळवून पुढे सांगायचा.

ऐकीव माहितीचा त्रास रस्ता तुटल्यावर कळतो. समजा अ, ब, क असे तीन राउटर एका ओळीत आहेत आणि ब ते क ही तार तुटली. ब ला कळलं की क पर्यंत आपला रस्ता गेला. पण तेवढ्यात अ म्हणतो, माझ्याकडून क दोन टप्प्यांवर आहे. अ चा तो रस्ता खरंतर ब वरूनच जात होता, पण ब ला ते कुठे माहीत? ब म्हणतो, मग माझ्याकडून तीन. ते ऐकून अ म्हणतो, मग माझ्याकडून चार. आकडे वाढत राहतात आणि पॅकेट दोघांच्यामध्ये चेंडूसारखी उडत राहतात. चांगली बातमी पटकन पसरते, वाईट बातमी रखडते.

म्हणून १९७९-८० च्या सुमारास अर्पानेटने पद्धत बदलली. आता प्रत्येक राउटर फक्त आपल्या तारांची स्थिती सांगणार, आणि ती बातमी जशीच्या तशी सगळ्या नेटवर्कभर पोचवली जाणार. त्यामुळे प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होतो. आणि त्या नकाशावर प्रत्येक राउटर स्वतः सर्वात छोटा रस्ता शोधतो. कोणत्या पद्धतीने? तीच, कॉफीवाली.

मग उजाडला २७ ऑक्टोबर १९८०. त्या दिवशी अख्खं अर्पानेट काही तास बंद पडलं.

झालं असं की, राउटरच्या प्रत्येक बातमीवर एक क्रमांक असायचा, म्हणजे नवी कोणती आणि जुनी कोणती ते कळावं. या क्रमांकाला जागा होती ६ बिटांची. म्हणजे ० ते ६३, आणि मग पुन्हा ०. घड्याळासारखं. घड्याळात १ वाजलेला १२ च्या पुढचा की मागचा, हे जसं जवळ कोण आहे त्यावरून ठरवतो तसं इथे ठरायचं. अर्ध्या फेरीच्या आत पुढे असेल तो नवा.

एका राउटरच्या बातमीतले बिट बिघडलेल्या हार्डवेअरमुळे गळाले. तारेवरून जाताना बातमी तपासली जायची, पण यंत्राच्या मेमरीत झालेला बिघाड त्या तपासणीला दिसत नव्हता. ४४ क्रमांकाच्या बातमीतला एक बिट गळाला की होतो ४०. आणखी एक गळाला की होतो ८. आता नेटवर्कमध्ये एकाच राउटरच्या तीन बातम्या फिरू लागल्या: ८, ४० आणि ४४. त्या घड्याळाच्या हिशोबाने ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा! तिघांपैकी जुनं कुणीच नाही. प्रत्येक राउटर प्रत्येक बातमी नवी समजून शेजाऱ्यांना देत राहिला. शिवाय या बातम्यांना सगळ्यात वरचं प्राधान्य होतं. राउटर त्यातच बुडाले, लोकांची पॅकेट पोचवायला वेळच उरला नाही.

बातमी शिळी झाली की टाकून द्यायची सोय होती. पण बातमी एखाद्या राउटरमध्ये काही सेकंद पडून राहिली तरच तिचं वय मोजलं जायचं. इथे त्या क्षणात पुढे जात होत्या, त्यामुळे कायम तरुण. एखादा राउटर बंद करून चालू केला तर शेजारी त्याला तेच तीन क्रमांक पुन्हा भरवायचे. शेवटी तंत्रज्ञांनी त्या एका राउटरच्या बातम्यांकडे दुर्लक्ष करणारा तात्पुरता बदल सगळीकडे घातला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

यातली भयंकर गोष्ट अशी की बंदच्या काळात बहुतेक सगळे राउटर धडधाकट होते. मूळ बिघाड क्षणाचा होता. छोटा रस्ता शोधायचं गणित बरोबर होतं. तरीही यंत्रणा एकदा विस्कटली ती स्वतःहून सावरलीच नाही. डायक्स्ट्रा यांच्या दुसऱ्या लेखाचा विषय नेमका हाच होता.

ही चूक नीट दुरुस्त केली रेडिया पर्लमन यांनी. १९८३ मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत क्रमांक घड्याळासारखा फिरत नाही, सरळ वाढत जातो, आणि त्याला जागा भरपूर असते. बातमीचं वय ती पडून राहिली तरी वाढतं आणि हातोहात फिरत राहिली तरी वाढतं. म्हणजे चुकीची बातमी कुठूनही घुसली तरी ती मरणारच, आणि खरी बातमी पुन्हा पाठवली जाणारच. आज कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये चालणाऱ्या ओएसपीएफ या पद्धतीत हेच आहे. क्रमांक ३२ बिटांचा, बातमी एका तासात बाद, आणि दर अर्ध्या तासाला तीच बातमी नव्याने. योगायोग असा की १९८३ मध्येच लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेतल्या भाषणात डायक्स्ट्रा यांच्या त्या विसरलेल्या दोन पानांचं तोंडभरून कौतुक केलं. त्यानंतर मात्र संशोधकांची रांग लागली.

म्हणजे आता नेटवर्क सावरणार हे नक्की झालं. पण किती वेळात?

रस्ता तुटल्यावर चार गोष्टी व्हाव्या लागतात. तार तुटली हे कळणं. ते सगळ्यांना कळवणं. प्रत्येकाने नवा रस्ता शोधणं. आणि तो रस्ता हार्डवेअरच्या तक्त्यात लिहिणं. लोकांना वाटतं तिसरी पायरी जड असेल. पण आजच्या राउटरला डायक्स्ट्रा यांचं गणित करायला फार थोडा वेळ लागतो. वेळ खाते ती पहिली पायरी, आणि नेटवर्क मोठं असेल तर दुसरी आणि चौथी. ओएसपीएफमध्ये राउटर शेजाऱ्यांना दर १० सेकंदांनी हाक मारतात, आणि ४० सेकंद उत्तर आलं नाही तर शेजारी गेला असं धरतात. कुणी बदललं नाही तर सर्रास हेच आकडे असतात. ४० सेकंद! तेवढ्यात तुम्ही कॉल कट करून, शिव्या देऊन, पुन्हा लावून मोकळे. म्हणून पहिली सुधारणा साधी आहे. फायबरमधला प्रकाश गेला की लगेच दखल घ्यायची, किंवा काही दशक मिलिसेकंदांनी छोट्या हाका मारत राहायचं.

तरीही नवे रस्ते ठरेपर्यंतचा काळ उरतोच. त्यात अर्ध्या राउटरकडे नवा नकाशा आणि अर्ध्यांकडे जुना असतो, आणि पॅकेट काही क्षण गोल गोल फिरतात. टेलिफोन कंपन्यांच्या जुन्या फायबर रिंगमध्ये ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या बाजूने वळायचा दंडक होता. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. इंटरनेटवरून आवाज आणि टीव्ही जायला लागल्यावर तीच अपेक्षा राउटरकडूनही आली.

मग उपाय एकच: दुसरी वाट आधीच ठरवून ठेवा. तार तुटली की कुणाला विचारू नका, लगेच वळा. बाकीच्यांना कळवत बसायचं काम मागाहून.

पण कुठल्याही शेजाऱ्याच्या गळ्यात पॅकेट मारून चालत नाही. समजा तुम्ही राउटर स आहात आणि माल द कडे पाठवायचाय. तुमचा नेहमीचा रस्ता ४ लांबीचा आहे. बाजूला न नावाचा शेजारी आहे, तो तुमच्यापासून ३ वर. त्याचा स्वतःचा द पर्यंतचा रस्ता ६ लांबीचा असेल तर काम झालं, कारण तुमच्याकडून फिरून जायला त्याला ३ अधिक ४ म्हणजे ७ लागतील. ६ हे ७ पेक्षा कमी, म्हणजे तो पॅकेट तुमच्याकडे परत पाठवणार नाही. पण त्याचा स्वतंत्र रस्ता ९ लांबीचा असेल तर तो नेहमी तुमच्याकडूनच जात असणार. तुम्ही दिलेलं पॅकेट तो प्रामाणिकपणे तुम्हालाच परत देईल. २००८ साली ही अट इंटरनेटच्या मानकांत लिहिली गेली. आणि ही बेरीज-वजाबाकी करायला राउटर कोणती पद्धत वापरतो? पुन्हा कॉफीवालीच. फक्त ती स्वतःच्या जागेवरून चालवायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या जागी उभं राहून चालवायची.

ही पद्धत स्वस्त आहे, शेजाऱ्याला काही सांगावं लागत नाही. पण नेटवर्क गोलाकार असेल तर ती बऱ्याच ठिकाणी हात वर करते, कारण असा सोयीचा शेजारीच नसतो. मग दुसरा मार्ग असतो तो आधीच बांधून ठेवलेल्या बोगद्यांचा. प्रत्येक तारेला वळसा घालणारा एक बोगदा तयार ठेवायचा आणि तार तुटली की पॅकेट त्यात ढकलायची. यात जवळपास काहीच सुटत नाही, पण हजारो बोगदे सांभाळायचे म्हणजे राउटरच्या आणि माणसांच्या दोघांच्याही डोक्याला ताप. अलीकडच्या पद्धतीत पॅकेटच्या माथ्यावरच वळशाचे टप्पे लिहून देतात, त्यामुळे मधल्या राउटरना काही लक्षात ठेवावं लागत नाही. तिथेही वळसा मोजायला नकाशा आणि तेच छोट्या रस्त्याचं गणित.

नकाशावर दोन वेगळ्या दिसणाऱ्या तारा जमिनीखाली एकाच खड्ड्यातून जात असल्या तर मात्र यातली कुठलीच पद्धत वाचवत नाही. एका जेसीबीत दोन्ही जातात. हे सॉफ्टवेअरला कळत नाही, कुणीतरी खोदकामाचे कागद बघून त्याला सांगावं लागतं. आणि वळण मिळालं तरी त्या वाटेवर जागा हवी. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रखडत होतं. पूर्वेकडून जाणारी वाट होती, पण सगळी गर्दी तिच्यावर आली.

म्हणून निवड करताना जाणते इंजिनिअर झटपट वळणाला पहिला डाव समजतात, शेवटचा नाही. आधी ठरवलेली वाट ही आधी सुचलेल्या बिघाडासाठी असते. एक तार तुटेल, एक राउटर जाईल, हे सुचतं. दोन गळालेल्या बिटांनी अख्खं नेटवर्क स्वतःशीच बोलत बसेल, हे १९८० मध्ये कुणाला सुचलं नव्हतं. तिथे हळू का होईना, स्वतःहून स्थिरावणारी यंत्रणाच खाली लागते. फक्त पहिल्या डावावर पैसे खर्च करून खालचा थर दुर्लक्षित ठेवणं हा खरा धोका.

स्वतः डायक्स्ट्रा या सगळ्या धामधुमीपासून लांबच होते. १९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात गेले. नेटवर्कचं जग त्यांच्या गणितावर वाढत असताना ते फाउंटन पेनने टिपणं लिहीत होते. प्रत्येकावर ईडब्ल्यूडी ही आपली आद्याक्षरं आणि क्रमांक. ती १३०० च्या वर भरली. टिपणाच्या झेरॉक्स काढून ते काही मोजक्या लोकांना पाठवायचे. ते लोक आणखी झेरॉक्स काढून पुढच्यांना द्यायचे, असं करत ती जगभर पोचायची. घरात टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता. बराच काळ कॉम्प्युटरही नव्हता, नंतर ईमेलपुरता एक मॅकिंटॉश आला. पियानो होता. आणि सुट्टीत फिरायला एक फोक्सवॅगनची गाडी होती, तिचं नाव त्यांनी ट्युरिंगवर कोटी करून टूरिंग मशीन ठेवलं होतं.

१९९९ मध्ये ते निवृत्त झाले. कॅन्सरचं निदान झाल्यावर २००२ च्या सुरुवातीला दोघं नवरा-बायको न्यूनेनच्या घरी परतले. त्या उन्हाळ्यात वितरित संगणनावरच्या परिषदेने सर्वात प्रभावी लेखाचा पुरस्कार जाहीर केला, तो १९७४ च्या त्या दोन पानांना. काही दिवसांतच, ६ ऑगस्ट २००२ ला डायक्स्ट्रा गेले. पुढच्या वर्षापासून त्या पुरस्काराला त्यांचंच नाव दिलं गेलं.